उसाच्या डोळ्याचा लघुपट : विद्यार्थ्यांचे चित्रण आणि यंत्राची ओळख

शालेय शिक्षणात दृक्-श्राव्य साधनांचा उपयोग हा विषय नवा नाही. परंतु त्याचा अर्थ आजवर बहुधा 'विद्यार्थ्यांना चित्रपट दाखविणे' एवढाच घेतला गेला. आता चित्रण करू शकणारा मोबाइल फोन वाड्यावस्त्यांपर्यंत पोचला असल्याने विद्यार्थ्यांनी स्वतःच लघुपट तयार करावा, ही कल्पना आवाक्यात आली आहे. मात्र असा उपक्रम हाती घेताना यंत्राचे सर्व भाग व कळी आधी शिकवावयाच्या आणि चित्रपटाचा विषय मागाहून शोधावयाचा, असा क्रम पुष्कळदा लावला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम उलटा आहे. एखादा लहानसा, नेमका आणि चिकाटीची परीक्षा पाहणारा प्रश्न समोर असला म्हणजे यंत्र त्याच्या ओघात शिकले जाते. याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच मातीतला आहे.

दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले. या कलाभवनाची उभारणी ज्यांच्या हातून झाली ते प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे मूळचे सुरतेचे. हाताने काम करून विद्या शिकावी, हा त्या संस्थेचा बाणा होता. पुढे फाळके यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसायही केला. म्हणजे ज्या मनुष्याने भारतीय चित्रपटाचा पाया घातला, त्याच्या उमेदवारीची काही वर्षे गुजरातेत गेली, हे सुरत जिल्ह्यातील मराठी वाचकांस सांगण्याजोगे आहे.

१९१२ च्या आरंभी फाळके विम्याची पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले. तेथे त्यांनी सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेतला आणि काही आठवड्यांतच ते परत आले. त्या काळी कच्च्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे काम स्वतःच, अंधारात बसून करावे लागे. ते सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुण्याचे कामही घरातच होई. अशा वेळी कोणीही मनुष्य मोठ्या कथेला हात घालण्यास उतावीळ झाला असता. फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले! दाणा रुजतो, अंकुर वर येतो, वेल वाढतो हे महिनाभर थोडे थोडे टिपून त्यांनी 'अंकुराची वाढ' हा सुमारे एक मिनिटाचा लघुपट तयार केला. तो पाहून पैसे लावणारे पुढे आले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

या हकिकतीत शिक्षकांसाठी एक सुंदर उदाहरण दडलेले आहे. 'रोज एक चित्र' घेऊन हा लघुपट झाला, असे पुष्कळदा सांगितले जाते. मूकपटाच्या काळात दर सेकंदाला साधारण १६ चित्रे पडद्यावरून सरकत. महिनाभर रोज एकच चित्र घेतले, तर ३० चित्रे होतात. ती दोन सेकंदांच्या आत संपून जातील. एक मिनिट भरावयाचे तर १६ × ६० म्हणजे ९६० चित्रे हवीत, अर्थात रोजची ३२. तेव्हा प्रत्यक्षात रोज बरीच अधिक चित्रे घेतली गेली असली पाहिजेत. हे गणित इयत्ता सहावी-सातवीच्या मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावे. स्थिर चित्रे भराभर दाखविली म्हणजे डोळ्यांस हालचाल दिसते, हे चित्रपटकलेचे मूळ सूत्र त्यांना याहून सोप्या रीतीने कळणे कठीण आहे.

आता चलथाणकडे वळू. सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील हे गाव सहकारी साखर कारखान्यामुळे प्रसिद्ध आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावर चलथाण हे स्थानक आहे; याच मार्गावर पुढे बारडोली, व्यारा आणि हद्द ओलांडली की नवापूर, नंदुरबार लागते. दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात गळिताचा हंगाम सुरू झाला की खानदेशातून व डांगातून तोडणी कामगारांची कुटुंबे येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोच्या जोडीला येथे 'कोयता' म्हणतात. मुले मात्र कोणत्याच हिशेबात धरली जात नाहीत. गावाकडील शाळेचा धागा तुटतो आणि परमुलखातील शाळेत भाषा वेगळी असते. घरी अहिराणी किंवा भिली, गावच्या पाठ्यपुस्तकात मराठी, येथील फळ्यावर गुजराती, असा हा तिपेडी गुंता आहे. महाराष्ट्रात हंगामी वसतिगृहे व साखरशाळा यांतून काही मुलांची सोय झाली. पण जी मुले आईबापांबरोबर राज्याची सीमाच ओलांडतात, त्यांच्यापर्यंत ही सोय पोचणे अवघड असते. ज्या वर्गात अशी मुले हंगामापुरती येऊन बसतात, त्या वर्गाला भाषेवाचून सुरू करता येईल असे एखादे सामाईक काम हवे असते. लघुपट हे तसे काम आहे.

विषयासाठी दूर जावयास नको. फाळक्यांचा वाटाणा, तसा चलथाणचा उसाचा डोळा. डोळा वरच्या बाजूस राहील अशी एक डोळ्याची टिपरी मातीत लावली की कांडीवरील वलयातून प्रथम मुळे सुटतात, मग डोळा फुगून कोंब वर येतो. हवा उबदार असेल तर आठ-दहा दिवसांत कोंब दिसू लागतो. थंडीत यास पुष्कळ अधिक वेळ लागतो. हे उत्तर पुस्तकात आहेच. पण 'आधी मूळ की आधी कोंब?' हा प्रश्न विचारून मुलांना पैज लावू द्यावी आणि निवाडा चित्रणावर सोपवावा. चांगले बेणे कोणते आणि टिपरी कशी काढावी, हे तोडणी कामगारांची मुले वर्गाला शिकवतील. वर्गात प्रथमच ती शिकविणाऱ्याच्या जागी उभी राहतील. लेखकाच्या दृष्टीने उपक्रमाचे अर्धे फळ येथेच पदरात पडते.

टिपरी काचेच्या रुंद बरणीत, काचेला अगदी चिकटून लावावी, म्हणजे मुळे दिसतील. मुळे उजेडापासून दूर जातात, म्हणून चित्र घेण्याची वेळ सोडून एरव्ही बरणीभोवती काळा कागद गुंडाळून ठेवावा. फोन दर वेळी त्याच जागी, त्याच उंचीवर आला पाहिजे. यासाठी लाकडी खोक्याला खाच पाडून ते मेजावर खिळवून टाकावे आणि बरणीखाली खडूऐवजी रंगाची खूण करावी. खिडकीचा उजेड सकाळ-संध्याकाळ बदलतो, तेव्हा खिडकी झाकून एकाच दिव्याच्या प्रकाशात चित्रे घ्यावीत. पडद्यावर बरणीच्या ठिकाणी बोट दाबून धरले की बहुतेक फोनांत स्पष्टता व उजेड यांचे माप कायम होते. तसे न केल्यास प्रत्येक चित्र कमीअधिक उजळ येऊन लघुपट लुकलुकतो. बोटाच्या धक्क्याने चित्र हलते, म्हणून दोन-तीन सेकंदांनी आपोआप चित्र घेण्याची सोय वापरावी. ही सारी यंत्राचीच माहिती आहे, पण मुले ती 'चित्र लुकलुकते का?' या प्रश्नाचे उत्तर म्हणून शिकतात आणि म्हणून विसरत नाहीत.

ठरावीक अंतराने आपोआप चित्रे घेणारी योजनाही फोनमध्ये असते. तिचा मोह या कामापुरता टाळावा. एक तर कोणाचाही फोन महिनाभर खोक्यात अडकवून ठेवता येत नाही. दुसरे, त्यात मुलांच्या हाताला काम उरत नाही. शाळेच्या वेळेत तासाला एक अशी दिवसाला सात चित्रे घेतली, तर २५ दिवसांत १७५ होतील. सेकंदाला १२ प्रमाणे ती जोडल्यास सुमारे साडेचौदा सेकंदांचे चित्रण मिळते. रविवारी चित्र न घेतल्यास सोमवारी कोंब एकदम उडी मारल्यासारखा दिसेल. ही उडी तशीच ठेवावी की सुटीच्या दिवशी पाळी लावावी, हे मुलांनी ठरवावे. प्रत्येक चित्राची तारीख, वेळ व घेणाऱ्याचे नाव वहीत लिहावे आणि रोज संध्याकाळी सर्व चित्रांची प्रत दुसऱ्या एका ठिकाणी करून ठेवावी. फोन हरवतो, बिघडतो; टिपरी मात्र पुन्हा पहिल्या दिवसापासून उगवत नाही.

साडेचौदा सेकंदांना जोड म्हणून तीन-चार मिनिटांचे बोलणे व फडाचे चित्रण घ्यावे. येथे चित्रापेक्षा आवाज अधिक दगा देतो. उघड्या रानात वारा आणि रस्त्यावर उसाच्या ट्रक यांच्यापुढे बोलणाऱ्याचा शब्द ऐकू येत नाही. दुसरा फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरून त्यावर आवाज घ्यावा आणि सुरुवातीस दोन्ही फोनांसमोर एक खणखणीत टाळी वाजवावी. जोडणीच्या वेळी चित्रातील टाळी व आवाजातील टाळी जुळवली की बाकीचे आपोआप जुळते. बोलणारा ज्या भाषेत बोलेल त्याच भाषेत बोलू द्यावे; मराठी वा गुजराती अर्थ अक्षरांत खाली लिहिता येतो.

एका बाबतीत मात्र काटेकोर राहिले पाहिजे. फडात राबणाऱ्या माणसाचे चित्र घेण्यास मुकादमाची परवानगी पुरेशी नाही. ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याला, व मूल असेल तर त्याच्या आईबापांना, हेतू सांगून विचारावे आणि नकार आल्यास फोन खिशात ठेवावा. कोयता चालू असताना किंवा गाडी भरत असताना मुलांना जवळ जाऊ देऊ नये.

वेळापत्रक हंगामाकडे पाहूनच आखावे. टिपरी जानेवारीच्या अखेरीस लावली तर चित्रे फेब्रुवारीअखेर पूर्ण होतात आणि जोडणीसाठी मार्च महिना मिळतो. जोडणी एप्रिलवर गेल्यास ज्यांनी टिपरी लावली तीच मुले शेवटच्या कामाला नसतील. लघुपटाच्या आरंभी सर्व मुलांची नावे त्यांच्या मूळ गावांसह द्यावीत. परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाच्या फोनवर लघुपटाची प्रत चढवून द्यावी, तसेच मुलाच्या हजेरीच्या दाखल्याबरोबर त्या वहीतील त्याच्या पानांची नक्कल गावच्या मुख्याध्यापकांकडे पाठवावी.