बदलण्यापूर्वी मोजावे

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले.  पत्राच्या उत्तरार्धात तू जी कैफियत मांडली आहेस, की आर्डुइनो उनोच्या पिनवरून बीसी 547 ट्रान्झिस्टरमार्फत पाच व्होल्टचा रिले चालवू पाहतोस, पण रिले काही केल्या वाजत नाही, ट्रान्झिस्टर मात्र कोमट लागतो, आणि म्हणून तपकीर गल्लीत जाऊन तू तीन नवे ट्रान्झिस्टर आणलेस, ती वाचून मला रिलेपेक्षा त्या तीन ट्रान्झिस्टरांचीच चिंता अधिक वाटली. जुन्याला तू बरतर्फ केलेस, पण त्याच्याविरुद्ध पुरावा कोणता होता? तपासणीवाचून शिक्षा फर्मावणारा अंमलदार जसा रयतेला नकोसा होतो, तसा मोजल्यावाचून भाग बदलणारा कारागीर या विद्येला नकोसा होतो. कारण अशा रीतीने मंडल कधी चालू झालेच, तरी दोष कोठे होता हे त्याचे त्याला कळत नाही, आणि पुढच्या खेपेस तो पुन्हा बाजाराचीच वाट धरतो.

तेव्हा मल्टिमीटर घे आणि प्रथम एवढे कर, की पिन उघडझाप करणारा तुझा प्रोग्राम बाजूला ठेवून, पिन सतत ‘हाय’ राहील असा दोन ओळींचा प्रोग्राम त्यात भर. हलत्या गोष्टीचे मोजमाप घेता येत नाही. मीटरची काळी तार आर्डुइनोच्या ग्राउंडला लावून पहिले माप ब्रेडबोर्डवर, रिलेच्या पायाशी घे, कारण कित्येक ब्रेडबोर्डांची कडेची लांब पट्टी मधोमध तुटलेली असते आणि एका टोकाला दिलेले पाच व्होल्ट दुसऱ्या टोकाला पोचतच नाहीत. रिलेला वेगळा ॲडाप्टर दिला असशील, तर त्याचे ऋण टोक आर्डुइनोच्या ग्राउंडशी जोडले आहे ना, हेही पाहा. ते जोडलेले नसेल, तर बेसमधून गेलेल्या प्रवाहाला परतीचा मार्गच उरत नाही.

दुसरे माप पिनवर. तेथे पाचाच्या जवळपास आकडा मिळाला तर पिन निर्दोष. पण पाचाहून पुष्कळच कमी काही दिसले, तर प्रोग्राममध्ये पिनमोड लिहावयाचे राहिले आहे असे बहुधा समजावे. कारण इनपुट म्हणून राहिलेल्या पिनला ‘हाय’ म्हटले असता आतील वीस ते पन्नास किलोओहमचा पुल-अप तेवढा जोडला जातो, आणि त्यातून बेसला मिळणारा प्रवाह एक दशांश मिलिअँपिअरच्या घरातला असतो.

तिसरे माप बेसवर. येथे 0.7 व्होल्ट हे निरोगी लक्षण होय. पाच व्होल्ट दिसले तर एमिटर ग्राउंडला पोचला नाही, अथवा आतला सांधा तुटला आहे. मात्र 0.7 पाहून निश्चिंत होऊ नकोस, कारण कलेक्टर आणि एमिटर यांची अदलाबदल झाली असली तरीही बेसवर जवळजवळ तोच आकडा मिळतो. बीसी 547 ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले असता डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम लागतो; 2एन 3904 मध्ये तो नेमका उलटा, एमिटर, बेस, कलेक्टर असा असतो. दुकानदाराने एकाऐवजी दुसरा दिला असेल, तर अंगावरचा छापील क्रमांक भिंगाखाली वाचल्याशिवाय तुला ते उमगणार नाही.

चौथे माप कलेक्टरवर, आणि तुझ्या प्रकरणाचा निकाल येथेच लागेल असा माझा अदमास आहे. ट्रान्झिस्टर पूर्ण उघडला असता कलेक्टरवर 0.2 व्होल्टच्या आसपास दाब राहतो, आणि तो जवळजवळ थंडच असतो. तुझा कोमट लागतो, यावरून तो अर्धवट उघडला असावा असा संशय येतो. तुझ्या रिलेची कॉइल सामान्यतः असते तशी 70 ओहमची धरली, तर तिला सुमारे 71 मिलिअँपिअर प्रवाह हवा. बेसला एक किलोओहमचा रेझिस्टर असेल, तर बेसप्रवाह 4.3 मिलिअँपिअर, म्हणजे मागणीच्या सुमारे सोळाव्या हिश्शाइतका होतो, आणि तो पुरेसा आहे. पण दहा किलोओहमचा लावला असशील, तर तो 0.43 वर येतो. गुणन किमान 110 धरले तरी कलेक्टरमधून 47 मिलिअँपिअरच वाहतात, कॉइलला सव्वातीन व्होल्टच मिळतात, आणि उरलेले पावणेदोन व्होल्ट ट्रान्झिस्टर उष्णतेच्या रूपाने खर्ची टाकतो. रिले हलत नाही, ट्रान्झिस्टर तापतो, आणि भाग मात्र सारे शाबूत असतात! चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर तपकिरी, काळा, तांबडा म्हणजे एक किलोओहम; तपकिरी, काळा, नारिंगी म्हणजे दहा. रात्री पिवळ्या दिव्याखाली तांबडा आणि नारिंगी यांत भेद करणे अनुभवी डोळ्यांनाही जड जाते. म्हणून रंगावर न विसंबता तो मोकळा काढून मीटरनेच मोज. रेझिस्टर सोडून बेस थेट पिनला जोडण्याचा मोह मात्र कदापि धरू नकोस; त्या पिनची कमाल सहनशक्ती 40 मिलिअँपिअर आहे, आणि ती ओलांडणे म्हणजे अख्ख्या पाटीवर गदा आणणे होय.

कॉइलवर उलटा डायोड लावल्याचा उल्लेख तुझ्या पत्रात नाही. प्रवाह तोडताच कॉइल प्रतिकार करते आणि कलेक्टरवरचा दाब क्षणार्धात बीसी 547 च्या 45 व्होल्टच्या मर्यादेपलीकडे उसळतो. म्हणून 1एन 4007 असा जोड, की त्याचा पट्टा धन टोकाकडे येईल. हा बंदोबस्त नसेल, तर उरलेले दोन ट्रान्झिस्टरही आज ना उद्या खरोखरच दगावतील.

दोष सापडला, की तेवढाच दुरुस्त कर. दोन बदल एकाच वेळी करू नकोस. आणि रिले वाजू लागल्यावर लगेच मंडल मोडू नकोस. मुद्दाम पुन्हा दहा किलोओहम लाव, मग पिनमोडची ओळ गाळ, मग एमिटर मोकळा सोड, आणि दर खेपेस चारही मापे वहीत नोंदव. निर्दोष मंडलाचे आकडे पुस्तकात छापलेले मिळतात. दोषाचे आकडे ज्याचे त्यानेच जमवावे लागतात, आणि या विद्येत जाणकारी म्हणतात ती बहुतांशी हीच पुंजी असते.

ती मापे मला पुढच्या टपालाने कळव. त्याआधी तपकीर गल्लीत पाऊल टाकू नये, ही ताकीद समज.  

तुझा,
मामा