पोटातला चिवट जंतू : दुसरा कोर्स घेताना



"सिस्टर, कोर्स संपला, पण पोटात पुन्हा जळजळतंय. मेडिकलमधून त्याच गोळ्या परत आणू का?" वस्तीत फिरताना हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर आहे, नको. का ते पाहू.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठराच्या आतल्या चिकट थरात वर्षानुवर्षे राहतो. बहुतेकांना तो लहानपणीच लागतो. अनेकांना काहीच त्रास होत नाही. काहींना अल्सर होतो, तर थोड्यांना पुढे जठराचा कर्करोग. पूर्वी अल्सरचा दोष तिखटाला आणि काळजीला दिला जाई. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मार्शल आणि डॉ. वॉरेन यांनी १९८२ साली हा जंतू प्रयोगशाळेत वाढवला. मार्शल यांनी तर तो स्वतः पिऊन पाहिला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. दुःखाला कारण असते, हे तथागतांनी आपल्याला शिकवलेच आहे. म्हणून अंगारा-उतारा नको, तपासणी करा.

पहिला कोर्स फसण्याची मुख्य कारणे दोन. बरे वाटले की पाचव्या दिवशी आपण गोळ्या सोडतो. दुसरे, मेट्रोनिडॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन ही औषधे आपल्याकडे इतकी वापरली गेली की अनेक जंतू त्यांना दाद देत नाहीत.

म्हणून दुसऱ्या वेळी औषधे बदलतात. बहुधा चार औषधे १४ दिवस देतात : आम्ल कमी करणारी गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि जास्त मात्रेत मेट्रोनिडॅझोल. कोणती द्यायची हे डॉक्टरच ठरवतील. त्यासाठी जुनी चिठ्ठी आणि रिकाम्या पट्ट्या सोबत न्या. आधी फसलेले क्लॅरिथ्रोमायसिन पुन्हा देत नाहीत.

हे लक्षात ठेवा :

• बिस्मथने शौचाला काळे होते, जीभही काळी पडते. घाबरू नका.
• टेट्रासायक्लिन दूध किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालील मूल यांना ते देत नाहीत. दुकानदाराने बदली गोळी दिली तर आधी डॉक्टरांना विचारा.
• मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू अजिबात नको. तंबाखू-मिश्रीही सोडा.
• काही वेळा लेव्होफ्लॉक्सासिन देतात. दोन आठवडे खोकला किंवा ताप असेल तर तसे आधी सांगा. या औषधाने टीबी झाकला जातो आणि निदान लांबते.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी शौचाची किंवा श्वासाची तपासणी करा. आम्लाची गोळी त्याआधी दोन आठवडे बंद हवी. रक्ताच्या तपासणीवरून जंतू गेला की नाही हे कळत नाही.

रक्ताची उलटी, बिस्मथ चालू नसताना डांबरासारखी काळी शौच, वजन घटणे, घास अडकणे यांपैकी काही दिसले तर कोर्सची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

विनयपिटकात पोटाच्या विकाराने पडून राहिलेल्या एका भिक्खूची कथा आहे. त्याला कोणी विचारत नव्हते. बुद्धांनी आनंदांसह त्याला धुऊनपुसून खाटेवर निजवले. आपल्या घरात कोणाचा कोर्स चालू असेल, तर १४ दिवस त्याच्या गोळ्यांची वेळ आपण सांभाळू या.

जयभीम! नमो बुद्धाय!