जुन्या दगडी घराची दुरुस्ती : पैसा कुठे घालावा, कुठे घालू नये

सोलापूर, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, औसा या पट्ट्यात आपल्या पुष्कळ व्यापारी आणि कारागीर बांधवांची घरे अजूनही काळ्या दगडाची आहेत. पुढे दुकान, मागे राहणे, मध्ये अंगण आणि वर मातीचे माळवद. कुटुंब वाढले, माल वाढला की घर अपुरे पडते आणि मग चारी बाजूंनी एकच सल्ला मिळतो : पाडा आणि आर.सी.सी. करा. आमचा धंदा कापडाचा, बांधकामाचा नव्हे. परंतु आमच्या घराचे काम आम्ही ठेक्यावर न देता मिस्त्रीच्या जोडीला उभे राहून करून घेतले, आणि नात्यागोत्यातल्या चार-पाच घरांची कामेही जवळून पाहिली. त्यावरून आमचे मत असे झाले आहे की, दगडी घर पाडायचे की राखायचे हे त्याच्या वयावर ठरत नाही. ते ठरते भिंतीच्या पोटात काय आहे यावर.

बाहेरून पाहता दोन-अडीच फुटांची ही भिंत किल्ल्यासारखी भक्कम वाटते. प्रत्यक्षात बहुतेक घरांत ती एक भिंत नसून दोन भिंती असतात. बाहेरच्या अंगाला घडीव दगडाचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा थर, आणि मधल्या पोकळीत माती, चिपा व गोटे. गोधडीचे वरचे आणि खालचे कापड असते तसे. गोधडी टिकते ती टाक्यांमुळे. टाके उसवले की दोन कापडे वेगळी होतात आणि आतल्या चिंध्या एका कोपऱ्यात गोळा होतात. दगडी भिंतीत हा टाका म्हणजे आरपार जाणारा लांब दगड. आमच्याकडचे गवंडी त्याला ‘हेडर’ म्हणतात. जाणत्या पाथरवटाने बांधलेल्या वाड्यात हे दगड सापडतात. घाईने किंवा काटकसरीने बांधलेल्या घरात सापडत नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा या टाक्याची किंमत सर्वांना कळली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्हा मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. धक्का मोठा होता हे खरे. पण माणसे मुख्यतः मेली ती झोपेत अंगावर आलेल्या दगड-मातीखाली. भिंतीचे दोन्ही थर एकमेकांपासून सुटले, मधला भराव खाली बसला आणि वरच्या माळवदाची माती कोसळली. हा भाग तेव्हाच्या सरकारी नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या गटात होता. २००२ मध्ये नकाशा बदलला आणि तो तिसऱ्या गटात गेला. भूकंपानंतर लाखाहून जास्त घरे न पाडता मजबूत करण्यात आली. त्यात घरमालकांनी स्वतः उभे राहून काम करून घ्यावे, अशीच सरकारी योजनेची पद्धत होती. म्हणजे हे काम सामान्य माणसाला जमण्यासारखे आहे.

तेव्हा पहिला खर्च करायचा तो ओळंब्याचा. प्रत्येक भिंतीला आतून व बाहेरून ओळंबा लावून पाहावा. मध्येच भिंतीला पोट आले असेल, कोपऱ्यात वरून खाली उभी चीर गेली असेल, किंवा ठोकल्यावर दगडामागून पोकळ आवाज येत असेल, तर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा लागतो. अशा वेळी छत कशावर बसले आहे हे आधी पाहावे. बऱ्याच घरांत तुळया लाकडी खांबांवर असतात आणि भिंत केवळ आडोशाला असते. खांब शाबूत असतील तर धिरे देऊन चार-चार फुटांनी भिंत बदलता येते आणि माळवद जागच्या जागी राहते. मात्र धिरे देण्याचे काम नेहमी जुन्या, अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे. इथे घरच्या माणसाने हात घालू नये.

भिंत सरळ असेल, पण आत हेडर नसतील, तर नवे टाके घालता येतात. कृती अशी. भिंतीवर उभे-आडवे साधारण एक मीटर, म्हणजे सव्वातीन फूट अंतरावर खुणा कराव्यात. वरच्या ओळीतील खूण खालच्या दोन खुणांच्या मध्ये यावी. खुणेजवळच्या दगडाभोवतीची माती कोरून तो दगड लहान पहारीने हळूहळू सैल करून काढावा. घण घालू नये. घण घातला की शेजारचे दहा दगड हलतात. मग सळईने आतला भराव थोडा थोडा काढत पलीकडच्या बाजूपर्यंत तीन इंची भोक न्यावे. दोन्ही तोंडांना ते थोडे रुंद ठेवावे, म्हणजे आतला ठोकळा डमरूसारखा अडकून बसतो. १:२:४ प्रमाणाच्या काँक्रीटने भोक अर्धे भरावे, दोन्ही टोके आकड्यासारखी वळवलेली ८ एम.एम.ची सळई त्यात ठेवावी, आणि वरून काँक्रीट ठासून भोक पूर्ण भरावे. सळईचे टोक उघडे राहिले तर गंजेल, म्हणून दोन्ही बाजूंना दीड-दोन इंच काँक्रीट हवे. त्यानंतर किमान दहा दिवस दोन्ही बाजूंनी पाणी मारावे. वीस फूट लांब आणि दहा फूट उंच भिंतीला असे पंधरा ते अठरा टाके पुरतात. माल फारसा लागत नाही, लागतो तो धीर. ठेकेदाराला या कामात काही सुटत नाही, म्हणून तो ते सुचवत नाही. घरचे दोन तरुण आणि एक गवंडी मिळून रोज तीन-चार टाके आरामात घालू शकतात.

याच्या जोडीला दरवाजांच्या वरच्या पातळीवर घराभोवती जाळी आणि सिमेंटचा अरुंद पट्टा आतून-बाहेरून बांधतात. पिंपाला लोखंडी पट्टी असते तसा त्याचा उपयोग. त्याची जाळी व मापे इंजिनिअरकडून ठरवून घ्यावीत. एकदा फी दिली म्हणून कोणी गरीब होत नाही.

आता माळवद. गळू लागले की वर नवी माती टाकायची, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची रीत. काही घरांत हा थर दीड-दोन फुटांवर गेला आहे. हिशेब करून पाहा. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे शंभर घनफूट. तिचे वजन कोरडी असताना साडेचार टनांच्या आसपास, आणि पावसात भिजल्यावर त्याहून जास्त. एवढे ओझे माणसे डोक्यावर घेऊन झोपतात. माती आठ इंचांपर्यंत उतरवावी, मध्ये जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा, त्यावर चिकणमातीचा थर ठोकून पन्हाळीकडे उतार द्यावा. उजेडासाठी ठेवलेल्या सवण्याभोवती काठ उंच ठेवावा. हे काम पूर्णपणे घरच्या घरी होते. मात्र सर्व खोल्यांवरून सारखी माती काढत जावी. एक खोली रिकामी आणि शेजारची भरलेली, असे महिनाभर ठेवू नये.

काही जण असा युक्तिवाद करतात की पाच इंची स्लॅब मातीपेक्षा हलका, मग तोच भिंतीवर टाकला तर काय बिघडले? स्लॅब हलका खराच. परंतु माती खांबांवर होती, आणि स्लॅब खांब काढून थेट भिंतीवर येतो. ज्या भिंतीने कधी ओझे उचललेच नाही, तिच्यावर स्लॅब आणि त्यावर आणखी एक मजला! आमच्या मते याहून धोक्याची दुरुस्ती नाही, आणि आज बाजारपेठेत सर्वांत जास्त हीच होताना दिसते.

दुसरी तशीच गोष्ट म्हणजे दुकानाचे शटर. रस्त्याकडची भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तोडून शटर बसवले की काउंटर मोठे दिसते, पण घराचा एक पाय जातो. कोपऱ्याला दोन्ही अंगांनी निदान अडीच-तीन फूट दगडी भिंत राखावी आणि शटरच्या जागेला दोन्ही बाजूंना स्वतंत्र खांब व वर तुळई घ्यावी. एका मोठ्या शटरऐवजी दोन लहान घेतली तर गिऱ्हाईक परत जात नाही. ज्यांच्या घरात माग आहेत त्यांनी मागाचे काही म्हणता काहीही दगडी भिंतीत ठोकू नये. मातीच्या जोडाला थरथर सोसत नाही.

ओल हा कापडवाल्यांचा जुना शत्रू. भिंतीलगत ठेवलेल्या गाठींना डाग पडू लागले की माणूस भिंतीला सिमेंटचा गिलावा करतो. काळा दगड पाणी फारसे पीत नाही. ओल चढते आणि उतरते ती मातीच्या जोडांतून. गिलाव्याने तिची वाट बंद होते, मग ती आतच राहून माती मऊ करते आणि दोन-तीन वर्षांत लोणा आणखी वर दिसू लागतो. उपाय बाहेर आहे. न्हाणीचे आणि पन्हाळीचे पाणी पायापासून दूर नेणारी पक्की गटार करावी. रस्ता दर वेळी वर वर येत गेल्याने उंबरे खाली गेले आहेत, तिथे भिंतीलगत उतार काढून घ्यावा. दरजा जुनी माती इंच-दीड इंच कोरून चुना-वाळूने भराव्यात. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाही काळातला बांध आहे. दगड-चुन्याच्या त्या कामावरून शतकानुशतके पाणी वाहत आहे, ते एकदा जाऊन पाहावे. कळीचा चुना विरवताना तो उकळून उडतो, म्हणून पाण्यात चुना टाकावा, चुन्यात पाणी नव्हे. डोळ्याला चष्मा लावावा आणि मुलांना लांब ठेवावे. भरलेल्या दरजांवर आठवडाभर ओले गोणपाट टांगावे. दुकानात त्याला काय तोटा!

वाढीव बांधकाम करायचे तर ते जुन्या घराला चिकटवू नये. काळ्या मातीत पाया घातला की पावसाळ्यात तो उचलतो आणि उन्हाळ्यात बसतो, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदावे. नवे घर पहिली काही वर्षे थोडे बसणारच, जुने आता बसायचे थांबले आहे. दोन्ही एकमेकांत दाते घालून बांधले तर चीर ठरलेली. मध्ये इंच-दोन इंच फट ठेवून वरून पत्र्याने झाकावी. नव्या पायाचा खड्डा जुन्या पायापेक्षा जितका खोल जाईल, निदान तितके अंतर जुन्या भिंतीपासून सोडावे.

ठेका देणाऱ्यांनी एक कलम नीट वाचावे : ‘निघालेले सामान ठेकेदाराचे.’ जुने सागवान, घडीव दगड आणि फरशी यांचा बाजारभाव काढल्याशिवाय त्यावर सही करू नये. कित्येकदा त्या सामानाची किंमत मजुरीच्या निम्म्यावर जाते.

कागदपत्रांचेही पाहावे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही. शहरात मालमत्ता पत्रक काढावे, आणि परवानगी वाढीव कामालाच नव्हे तर भिंत उतरवायलाही लागते का हे नगरपालिकेत लेखी विचारावे. वडिलांच्या पश्चात घर भावांइतकेच बहिणींचेही असते. एका भावाने लाखो रुपये घातले आणि दहा वर्षांनी वाटणी निघाली तर खर्चावरून भांडण होते. काम सुरू करण्यापूर्वीच सर्व वारसांच्या सह्यांनी लिहून ठेवावे की, हा खर्च कोण करतो आणि वाटणीत तो कसा धरायचा. बहिणीची सही घेताना तिला हिस्सा सोडायला लावू नये, तो वेगळा व्यवहार आहे.

काम दिवाळीनंतर काढावे. आधी गटार, मग माळवदाची माती, मग टाके, शेवटी दरजा, या क्रमाने दर महिन्याला दुकानातून निघेल तेवढ्याच रकमेचे काम केले तर कर्जाची गरज पडत नाही आणि राहते घर सोडावे लागत नाही. चुन्याचे काम मात्र एप्रिलच्या कडक उन्हाआधी संपवावे, आणि माळवदाची शेवटची ठोकणी मृगाच्या निदान तीन आठवडे आधी झालेली असावी.