पेणहून रोह्याला सायकलने येऊ म्हणणाऱ्या भाचीस

रोहा,
कार्तिक वद्य पंचमी

चि. मनूस,

गियरची सायकल घेतलीस आणि पहिला बेत मामाकडे येण्याचा केलास, फार आनंद झाला. पण वडखळ, नागोठणे, कोलाड असं महामार्गानेच येणार म्हणतेस, ते मला मुळीच मान्य नाही. पेण ते रोहा अंतर चाळीसेक किलोमीटर. तुझ्या वयाला ते जड नाही, पण मधला रस्ता वाईट आहे. पनवेल-इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली आणि ते वर्षानुवर्षं रेंगाळलं, हे तू लहानपणापासून पाहतेस. ट्रेलर, एसटी, गोव्याच्या खासगी बस या सगळ्यांच्या गर्दीत सायकलला उरते ती साइडपट्टी, आणि तीही कुठे आहे, कुठे वीतभर खचलेली. पोयनाडवरून नागोठण्याला उतरता येतं हे खरं, पण पोयनाड गाठायला वडखळपासून अलिबागचा रस्ता धरावा लागतो. तिथे डोलवीच्या कारखान्याची वाहनं आणि शनिवार-रविवारी समुद्रावर निघालेल्या मोटारी. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

म्हणून स्पष्ट सांगतो. पेण ते नागोठणे सायकल चालवायचीच नाही. रोह्याकडे येणाऱ्या रेल्वेगाडीत सायकल चढवायची, कासू स्टेशन सोडून नागोठण्याला उतरायचं आणि तिथून पुढे पायडल मारायचं. सायकल कुठल्या डब्यात आणि कशी न्यायची हे पेण स्टेशनवर आदल्या दिवशी विचारून ठेव. यात कमीपणा काही नाही. एवढा तुकडा गाळला की दोन्ही तालुक्यांत निवांत रस्ते भरपूर उरतात.

नागोठण्याला घाई करू नकोस. अंबा नदीवरचा जुना दगडी पूल पाहा, तो सोळाव्या शतकातला आहे. चौलहून घाटाकडे जाणारा माल या बाजूने जात असे, त्यावरून त्या काळी नागोठण्याचं महत्त्व किती होतं ते कळेल. पुढे भिसे खिंडीचा चढ. सुरुवातीलाच हलका गियर टाक, चढात मध्येच बदलायला गेलीस तर चेन अडकेल. खिंड ओलांडली की उतारावर वळणं आहेत, तिथे दोन्ही ब्रेक थोडे थोडे, आलटून पालटून दाब. पुढचाच करकचून दाबलास तर हँडलवरून पुढे जाशील. मग मेढा लागेल आणि वर अवचितगड दिसेल. अष्टमीकडून पूल ओलांडलास की रोहा आलं. या वाटेने धाटावचे टँकर तुला भेटत नाहीत, हा तिचा मोठा गुण. कोलाडकडून आली असतीस तर औद्योगिक वसाहतीच्या दारातूनच यावं लागलं असतं. टँकरच्या डाव्या बाजूला खेटून कधीही उभी राहू नकोस. केबिनमध्ये उंच बसलेल्या चालकाला तिथली सायकल दिसत नाही.

पण मनू, इथे येण्याआधी महिनाभर तू आपल्या पेणचेच रस्ते पालथे घालावेस असं मला वाटतं. वाशी-वढावकडचा खारेपाट तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि नव्या सायकलस्वाराला त्याहून चांगली जागा नाही. सपाट रस्ता, दोन्हीकडे भातशेती, मध्येच जिताड्याचं तळं. तिथे कसोटी चढाची नसून वाऱ्याची असते. थंडीच्या दिवसांत पहाटेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दुपारी तो फिरून खाडीकडून आत येऊ लागतो. तेव्हा सकाळी लवकर पश्चिमेला निघायचं आणि वारा फिरला की परतायचं, म्हणजे दोन्ही वेळा तो पाठीशी राहतो. उलट केलंस तर सपाटीवरही मांड्या भरून येतील.

तिथे बांधावरची एखादी उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, थांबून नीट बघ. ओहोटीला शेतातलं पाणी आतून झडप ढकलून खाडीत जातं, आणि भरती आली की बाहेरचं खारं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. बाहेरच्या पाण्याच्या जोरानेच बाहेरचं पाणी अडतं. एवढ्या साध्या युक्तीवर खारेपाटाचं भात उभं आहे. बांध फुटला की शेत खारं होतं आणि मग कित्येक वर्षं पीक धरत नाही. म्हणून त्या बांधावर सायकल घालू नकोस. पावसात मऊ झालेल्या मातीत चाकाची चाकोरी पडते आणि पाण्याला तेवढीच वाट पुरते. सायकल रस्त्यावर ठेवून पायी जा.

आता कापणी-झोडणीचे दिवस आहेत. आतल्या रस्त्यांवर लोक भात वाळत घालतात, पेंढा पसरतात. तिथे उतरून सायकल हातात धरून कडेने जायचं. त्यांचं वर्षाचं धान्य आहे ते. घंटी वाजवून बायकांना बाजूला करणारे हौशी सायकलवाले मी पाहिले आहेत, मला त्यांची चीड येते. तो रस्ता आधी गावाचा आहे.

हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गणपतीच्या गावांत याच दिवसांत जा. काम तिथे बारा महिने चालतं, पण गर्दी नसते. घराघराच्या ओट्यावर न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती ओळीने वाळत असतात, आत कोणी साचा उघडत असतो, कोणी डोळ्यांची आखणी करत असतो. आखणी चाललेली असेल तेव्हा बोलायला जाऊ नकोस, हात हलला तर मूर्ती वाया जाते. आषाढ-श्रावणात मात्र या गावांत मूर्ती न्यायला टेम्पोंची रीघ लागते, तेव्हा तिकडे फिरकू नये.

दम वाढला की पूर्वेकडे वळ. गागोदे हे विनोबांचं जन्मगाव, ११ सप्टेंबर १८९५ चा त्यांचा जन्म. पुढे त्यांनी भूदानासाठी सारा देश पायी पालथा घातला. आणि वरसई हे 'माझा प्रवास' लिहिणाऱ्या गोडसे भटजींचं गाव. ते १८५७ साली तिथून निघाले आणि उत्तरेत ऐन बंडात सापडले, परतताना गंगेची कावड खांद्यावरून घेऊन आले. एका तालुक्यातले हे दोन पायी चालणारे लोक. त्यांची गावं मोटारीतून बघण्यापेक्षा घाम गाळून गाठावीत असं माझं ठाम मत आहे. वरसईला लवकर जा. रखडलेलं बाळगंगा धरण पुरं झालं तर तो परिसर बुडीतात जाणार आहे. खोपोली रस्त्यावर मालाचे ट्रक फार, म्हणून गागोद्याला जायचं तर रविवारी उजाडताच.

रस्त्याची वर्दळ पंचांगासारखी पाठ करावी लागते. शनिवारी सकाळी सगळी गर्दी अलिबाग-मुरुडकडे जाणारी, रविवारी संध्याकाळी तीच परतणारी. गणपतीआधीचा आठवडा आणि शिमगा चाकरमान्यांचे. कारखान्यांची पाळी बदलते तेव्हा अर्धा तास बसगाड्या आणि मोटारसायकली. एकच रस्ता मंगळवारी सकाळी सात वाजता पोराबाळांनी चालवण्याजोगा असतो आणि रविवारी संध्याकाळी तिथे पाऊल ठेववत नाही. नकाशावर हे दिसत नाही. चहाच्या टपरीवर विचारलंस तर कोणीही सांगेल.

रोह्याला आलीस की सुडकोलीवरून रामराजकडचा झाडीचा रस्ता दाखवीन. चणेऱ्याकडून कुंडलिकेच्या कडेने साळावच्या पुलापर्यंत जाऊ, पलीकडे रेवदंडा. घोसाळगडाच्या चढाला तुला थोडी तयारी लागेल. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी स्वतःकडे राखलेल्या बारा किल्ल्यांत घोसाळाही होता. पायथ्याला सायकल ठेवून गडावर चढू.

पावसाळ्याबद्दल एकच सांगतो, पण ते मोडायचं नाही. साकवावरून किंवा फरशीवरून पाणी जात असेल तर मागे फिरायचं. पाणी घोटाभर असलं तरी. अंबा आणि कुंडलिका घाटातल्या पावसावर चढतात, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी.

हेल्मेट, मागचा लाल दिवा, जादा ट्यूब, पंप आणि पान्हा बरोबर असू दे. खारेपाटातून आलीस की चेन कोरड्या फडक्याने पुसून तेल दे, खारी हवा आठवड्यात गंज चढवते. कुठल्या गावाला जातेस ते ताईला सांगून निघ आणि सुरुवातीला मैत्रिणीला बरोबर घे. पाणी संपलं तर कुठल्याही घरी माग, नाही म्हणणारं घर या दोन तालुक्यांत नाही.

पौषात वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावू, तेव्हाच ये. गाडीची वेळ आधी कळव. मी माझी सायकल घेऊन नागोठणे स्टेशनवर येतो, खिंड आपण बरोबर चढू. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा