आलेख-विदागारात नाती कशी मांडावीत?

शेतकरी, गट व विहीर यांच्या नोंदी आलेख-विदागारात करताना प्रत्येकाचा एक बिंदू करावा आणि हे बिंदू नात्याच्या रेषेने जोडावेत. रेषेस नाव व दिशा असते; जसे, शेतकऱ्याकडून गटाकडे 'धारक'. समजा, एका विहिरीत दोघा भावांचा आठ-आठ आणे हिस्सा आहे. तो भावाच्या बिंदूवर लिहिला, तर त्याच्या दुसऱ्या विहिरीतील हिस्सा कोठे लिहावयाचा? विहिरीवर लिहिला, तर तो कोणाचा हे उमगत नाही. म्हणून हिस्सा व पाळीचा वार दोहोंमधील रेषेवरच लिहावा. येथे चुकल्यास ऐन रब्बीत तंटा उभा राहतो. खरेदीखताची गोष्ट निराळी. त्यात विकणारा, घेणारा व गट असे तिघे येतात आणि रेषेस टोके दोनच! तेव्हा खरेदीखताचाच स्वतंत्र बिंदू करावा. विकणाऱ्याची जुनी रेषा मात्र पुसू नये. तिच्यावर अखेरची तारीख घालावी.