सांधा सुटला की आधी तुटका भाग बघ

धनुष्याचा सांधा सुटला की सगळ्यांची पहिली शिवी गोंदाला. पोरी, तू तसं करू नकोस. सुटलेल्या दोन्ही बाजू उजेडात धर आणि बघ. एका बाजूवर गोंदाचा गुळगुळीत, चकचकीत थर आणि दुसरी कोरी असेल, तर गोंदानं लाकूड धरलंच नव्हतं. तिथं तेल असेल, भुसा असेल, नाहीतर रंधा मारून लाकूड आठवडाभर उघडं पडलेलं असेल. दोन्हीकडे लाकडाचे तंतू उपटून आलेत? मग गोंद निर्दोष आहे. लाकूड फाटलंय, म्हणजे सांध्याची जागा चुकली किंवा लाकडाच्या रेषा तिरक्या होत्या. दोन्ही बाजू कोरड्या आणि गोंद जेमतेम, तर शिकंजे आवळून आवळून तूच तो बाहेर काढलास. आणि नखानं दाबल्यावर गोंद अजून मऊ लागला, तर रेझिन आणि हार्डनरचं माप चुकलं. हे न बघता नवा गोंद ओतणाऱ्याचा सांधा पुन्हा तिथंच सुटतो.

जागेचं म्हणशील तर सांधा मुठीत. धामणीचं सहा फुटी, सरळ रेषेचं लाकूड आता सहज मिळत नाही. म्हणून एकाच ओंडक्यातून फाडलेली जुळी फाळकी घ्यायची, बुंध्याकडची टोकं मुठीत आणायची आणि माशाच्या शेपटीसारखी एकमेकांत बसवायची. इंग्लंडमध्ये यू लाकडाची दोन फाळकी अशीच जोडत. शेपटीची लांबी चार इंच तरी हवी. मूठ वाकत नाही, म्हणून सांधा तिथं सुखानं राहतो. कोरडाच बसवून टोकापासून टोकापर्यंत दोरा ताण, दोरा मुठीच्या मधोमध जायला हवा. आत कुठं टेकतंय ते कार्बन पेपरनं कळतं. डाग पडेल तेवढंच पटाशीनं काढ.

पट्ट्या एकावर एक चिकटवून धनुष्य करताना मधल्या पट्टीलाच लांबी कमी पडली, तर तिरका सांधा कर, टोकाला टोक भिडवून नको. टोकाकडचं लाकूड गोंद पिऊन टाकतं आणि धरत काहीच नाही. उतार एकास आठच्या खाली नको, मी एकास बारा धरतो. तीन मिलिमीटरच्या पट्टीला म्हणजे छत्तीस मिलिमीटर. वर बांबूची पाठ लावणार असशील तर बांबूचं पेर आणि खालचा सांधा एकाच रेषेत येऊ देऊ नकोस. बांबूची साल बाहेरच राहू दे, तिच्यावर गोंद धरत नाही. आतली बाजू सपाट करून तीच चिकटव. बांबूच्या पट्ट्या चिकटवलेलं धनुष्य म्हणजे पोरखेळ, असं कुणी म्हणालं तर त्याला सांग, १९३८ च्या रॉबिन हूड सिनेमात बाण मारणारा हॉवर्ड हिल बांबूच्याच धनुष्यांचा भोक्ता होता.

चिकटवायच्या दिवशीच रंधा मार. मग हॅक्सॉ ब्लेडच्या दातांनी बारीक रेघा ओढ आणि भुसा झटकून टाक. पाण्याचा थेंब टाकून बघ. पसरला तर ठीक, मोत्यासारखा उभा राहिला तर तेल आहे. सागाची मूठ असेल तर ॲसिटोननं पुसायचं, वाळू द्यायचं आणि लगेच गोंद लावायचा.

साधा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. एपॉक्सी घे, तोही सावकाश वाळणारा. पाच मिनिटांचा पेन-डबी चिकटवायला बरा. माप काट्यावर कर, डोळ्यानं नको. दोन्ही बाजूंना लाव. तिरक्या कापावर आधी पातळ हात दे, दहा मिनिटं थांब, मग दुसरा. शिकंज्यांऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळ. दाब सारखा पडतो आणि गोंदही पिळून जात नाही. आणि कोकणात आषाढात हे काम काढायचंच नाही. बांबू आणि लाकूड दोन-तीन आठवडे एकाच खोलीत ठेव. एक ओलं आणि दुसरं कोरडं असेल तर वाळताना ती दोघं एकमेकांना ओढतात.

मुठीवर चिकटवलेला ठोकळा उडतो, ते वेगळंच प्रकरण. मूठ वाकायला नको, पण वाकायला लागली की ठोकळ्याची जाड टोकं उचलली जातात. ती लांब उतरती करून शेवटी कागदासारखी पातळ कर आणि उताराखाली बाहूचं लाकूड एकदम बारीक करू नकोस.

ओढताना 'टिक' असा आवाज आला की दोरी उतरव. पुन्हा एकदा ओढून बघते, असं म्हणायचं नाही. मुठीतली केसासारखी फट असेल तर पातळ सुपरग्लू आत सोड, तो स्वतःहून शिरतो. मग गोंदात भिजवलेला रेशमी दोरा घट्ट गुंडाळ. फट रुंद असेल तर सांधा पूर्ण उघड, जुना गोंद लाकूड दिसेपर्यंत खरवड आणि पहिल्यापासून सुरू कर. जुन्या गोंदावर नवा टिकत नाही. वाकणाऱ्या भागातला सांधा सुटला असेल तर मात्र दुरुस्तीच्या भानगडीत पडू नकोस. ते धनुष्य मोड, मूठ काढून ठेव. दुरुस्तीनंतर धनुष्य पहिल्यांदा ओढशील तेव्हा भिंतीला टांगून दोरी कप्पीवरून घे, लांब उभी राहा, एकदम पूर्ण ओढ नको, थोडं थोडं वाढवत ने. विदर्भाकडे नेलंस तर मे महिन्यात गाडीच्या डिकीत विसरू नकोस, तिथल्या उष्णतेत एपॉक्सी मऊ पडतो.