हायड्रेंजियाला बोअरचं पाणी नको

बेटा, नर्सरीतून हायड्रेंजिया आणलास ते बरं केलंस. थंडीत आणलास हे तर फारच बरं. पण नर्सरीत सगळ्यांना एकच गोष्ट सांगतात, याला भरपूर पाणी लागतं म्हणून, आणि लोक घरी येऊन बोअरचा पाइप कुंडीत सोडून देतात. आपल्या बुटीबोरीत हे झाड जगतं, फुलतंही. मात्र पाणी किती घातलं यापेक्षा कोणतं घातलं, याला इथे जास्त महत्त्व आहे. मेच्या उन्हाचा धाक सगळ्यांनाच असतो, त्यामुळे त्याची सोय माणूस करतो. पाण्यातला चुना कोणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि झाड मात्र तोच खातो.

ही शिकवण माझी नाही, सासूबाईंची आहे. त्यांच्या माहेरी काटोलकडे संत्र्याची बाग होती. हायड्रेंजिया त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण चुनखडीची जमीन त्यांना पुरती ठाऊक होती. संत्र्याची कोवळी पानं पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की त्या बांधावरूनच सांगायच्या, झाडाला लोह मिळत नाही म्हणून. जमिनीत लोह असतंच. पण चुन्यामुळे सामू चढतो, आणि मग ते लोह मुळांना घेता येत नाही. आपल्याकडच्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या घरात असतो. हायड्रेंजियाला हवी आंबट माती, सामू सहाच्या आसपास किंवा त्याखाली. जपानसारख्या पावसाळी देशातलं झाड ते. उटी, दार्जिलिंगच्या थंड डोंगरांवर सहज रमतं. म्हणून सांदवाडीत खड्डा खणून ते काळ्या मातीत लावायचा विचार मनातून काढून टाक. पावसाळ्यात तिथे पाणी तुंबून मुळं सडतील, उन्हाळ्यात भेगा पडून तुटतील, आणि चुना तर बारमाही आहेच. हे झाड कुंडीतच ठेव.

आता पाणी. तुमच्या घरी येणारं पाणी आधी तपासून घे. स्टीलच्या गंजात लिटरभर पाणी घे आणि पार आटेपर्यंत उकळव. तळाशी पांढरा थर बसला, बोटाने खरवडला की पीठ सुटलं, तर ते पाणी या झाडाचं नाही. महिनोन्‌महिने हेच पीठ कुंडीत साचतं. मातीवर पांढरी साय येते, कुंडीच्या बाहेरून पांढरे ओघळ दिसतात, आणि चांगली केलेली मातीही हळूहळू आपल्या काळ्या जमिनीसारखीच होऊन बसते.

कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी फेकण्याऐवजी झाडांना घालायची आपल्या घराघरांत सवय आहे. तुळशीला, कढीपत्त्याला कधीमधी चालून जाईल, हायड्रेंजियाला ते कधीच घालू नकोस. कूलर पाण्याची वाफ करून हवेत सोडतो आणि क्षार मागे टाकीत ठेवतो. कूलरच्या ताट्यांवर उन्हाळा संपता संपता जो पांढरा खरपुडा धरतो, तो त्याचाच. आरओच्या बाजूच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्याचीही तीच गत, त्यात क्षार आणखी वाढलेले असतात. एसी असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जपून ठेव. ते हवेतली वाफ थंड होऊन आलेलं असतं, त्यात चुना जवळपास नसतोच. नळीखाली बादली ठेवलीस की काम झालं.

सगळ्यांत चांगलं पाणी आकाशातलं. १०० चौरस फूट छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर ९० लिटरच्या आसपास पाणी खाली उतरतं. नागपूरकडे वर्षाला साधारण १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे तुझा २०० लिटरचा ड्रम दोन-तीन चांगल्या सरींत भरेल. मृगाचा पहिला पाऊस वाहून जाऊ दे, एमआयडीसीच्या बाजूची धूळ आणि काजळी छतावर बसलेली असते. ड्रम नंतर भर, आणि परतीच्या पावसात पुन्हा काठोकाठ करून घे. तोंडावर जाड कापड घट्ट बांध, नाहीतर डासांची पैदास होईल. ड्रम सावलीतच ठेवायचा. मार्चपासून मृगापर्यंत शंभरेक दिवस होतात. एका कुंडीला रोज सरासरी दोन लिटर धरलं, तर एका झाडाचा उन्हाळा त्या एका ड्रमवर निघतो. म्हणून झाडं एकच ठेव, फार तर दोन. जितके ड्रम तितकी झाडं.

कुंडी मातीची घे, १२ ते १४ इंची. सिमेंटच्या कुंडीतून चुना सुटतो. कुंडी रंगवायची हौस असेल तर गेरू लाव, चुन्याचा हात देऊ नकोस. आत दोन भाग कोकोपीट, दोन भाग कुजलेल्या पाल्याचं खत, एक भाग गांडूळ खत आणि एक भाग जाड रेती. काळी माती अजिबात नको. त्यात चमचाभर गंधकाची भुकटी मिसळ. ती सावकाश काम करते, पण सामू खाली धरून ठेवायला मदत करते. चुलीची राख, अंड्याची टरफलं आणि हाडांचं खत या कुंडीपासून लांब ठेव. राख आणि टरफलं चुनाच वाढवतात, हाडांच्या खताचं कारण रंगाच्या वेळी सांगते. ताक ओतू नकोस, लिंबू पिळू नकोस. त्याने सामूत टिकणारा फरक पडत नाही, चिलटं तेवढी होतात.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर हिराकस. एका लिटर पावसाच्या पाण्यात अर्धा लहान चमचा विरघळवून मातीत घाल, महिन्यातून एकदा. संत्र्याच्या बागेतलंच औषध आहे हे. कुंडीखाली परात ठेवायला विसरू नकोस, हिराकशीचे तांबडे डाग फरशीवरून जात नाहीत.

जागा पूर्वेची. सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन हवं, दुपारचं मुळीच नको. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. इतका दरवर्षी जात नाही, पण ४५ तर आपल्या पाचवीला पुजलेला. पश्चिमेकडून येणारी गरम हवा उन्हाहून वाईट, ती पानातला ओलावा ओढून घेते. त्या बाजूला हिरवी नेट किंवा तट्टी बांध. मार्च संपला की कुंडी एका मोठ्या कुंडीत बसव आणि मधल्या जागेत रेती भरून ती ओली ठेव, मुळं गार राहतात. मातीवर सुक्या पानांचा चार बोटं थर दे.

मेच्या दुपारी तू पाहशील तर पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत असतील. घाबरून लगेच पाणी ओतू नकोस. मधलं बोट दोन पेरं मातीत खुपस. माती गार आणि ओली लागली तर हात काढून घे. पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळांना त्या घडीला ओढता येत नाही, एवढंच त्याचं कारण आहे. सूर्य कलला की पानं आपोआप उभी राहतात. संध्याकाळी सातलाही ती लोंबतच असतील आणि माती कोरडी असेल, तर मात्र पाणी दे. ओल्या मातीवर पुन्हा पुन्हा पाणी पडून मुळं कुजली, की झाड अगदी तसंच लोंबतं, आणि माणूस आणखी पाणी घालतो. उन्हाळ्यात बरीच झाडं अशीच हातची जातात. रोजचं पाणी सकाळी लवकर दे, नवतप्यात संध्याकाळीही थोडं. एप्रिल ते जून खत बंद. कडा करपलेली पानं तोडू नकोस, खालच्या डोळ्यांवर तीच सावली धरतात.

कात्रीचं तंत्र सणांवर लक्षात ठेव. हे झाड बहुतेक मागच्या हंगामातल्या काडीच्या शेंड्यावर फुलतं. होळीच्या सुमारास फुलं सुकली की फक्त फुलांचा गेंद खालच्या दोन पानांसकट काढ. खरी छाटणी पावसाळा लागल्यावर कर. वाळक्या काड्या, आत गर्दी करणाऱ्या बारीक फांद्या तेवढ्या काढ. त्याच वेळी नीम ढेप आणि गांडूळ खत मूठमूठभर दे. पोळा झाला की कात्री ठेवून द्यायची. त्यानंतर वाढणाऱ्या शेंड्यांवर दिवाळीपासूनच्या थंडीत कळ्या धरतात. रात्री १८ अंशांच्या खाली सहाएक आठवडे गेल्या, की हे काम होतं. आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारी ती थंडी मिळते, २०१८ च्या डिसेंबरात तर नागपूर ३.५ अंशांवर उतरलं होतं. म्हणून थंडीत कुंडी मायेने घरात आणू नकोस, बाहेरच राहू दे. "माझ्याकडे पानंच पानं, फूल नाही" म्हणणाऱ्याला विचारून पाहा. दसऱ्याच्या साफसफाईत झाड छाटलेलं निघेल, नाहीतर थंडीभर दिवाणखान्यात ठेवलेलं.

रंगाचं सांगते. रंग धरतात त्या फुलाच्या पाकळ्या नसतात, बाह्यदलं असतात. आंबट मातीत ॲल्युमिनियम विरघळून मुळांना मिळालं की ती निळी होतात, सामू वर गेला की गुलाबी. पांढरी जात पांढरीच राहते. आपल्याकडे आपोआप गुलाबीच मिळेल, आणि खरं सांगायचं तर गुलाबीवर समाधान मानावं. निळ्याची हौसच असेल तर तुरटी हाताशी आहे, तिच्यात ॲल्युमिनियम असतं. लिटरभर पावसाच्या पाण्यात अर्धा लहान चमचा भुकटी विरघळवून, आधी साधं पाणी घातलेल्या ओल्या मातीत पंधरवड्याने एकदा घाल. दसऱ्यापासून सुरू कर, कळ्या रंगल्यावर काही उपयोग नाही. जास्त घातलीस तर मुळं जळतील. हिराकस आणि तुरटी एका दिवशी देऊ नकोस. हाडांचं खत किंवा डीएपी घातलं असेल तर त्यातलं स्फुरद ॲल्युमिनियमला बांधून ठेवतं, आणि किती तुरटी घातली तरी फूल गुलाबीच येतं.

किडीचं थोडक्यात. एप्रिलमध्ये पानामागे बारीक जाळी आणि धुळीसारखे ठिपके दिसले तर तो लाल कोळी. पानांची मागची बाजू रोज सकाळी पाण्याने धू. थंडीत भुरी येते, तेव्हा पानांवर पाणी मारू नकोस. नीम तेल लिटरला पाच मिली, दोन थेंब साबण घालून, नेहमी संध्याकाळी. पानं आणि फुलं विषारी आहेत. लेकराच्या तोंडात, बकरीच्या पुढ्यात जाऊ देऊ नकोस, आणि फुलं ताटात सजावटीला ठेवू नकोस.

जुलै-ऑगस्टमध्ये फूल न आलेली कोवळी काडी पाच इंच काप, खालची पानं काढ, वरची दोन अर्धी कर आणि कोकोपीट-रेतीत सावलीला लाव. महिन्याभरात मुळं फुटतात. पण कोणाला रोप देशील तर आधी घर पाहून दे. पूर्वेची सावली नाही, पावसाचं पाणी साठवायची सोय नाही, मे महिन्यात सगळे पंधरा दिवस गावी जातात, अशा घरी हे झाड देऊ नकोस. त्यांना हजारी मोगऱ्याची फुटवी दे. त्याचेही गच्च पांढरे गेंद येतात, वर सुगंध असतो, आणि काळ्या मातीत बोअरच्या पाण्यावर तो आनंदाने वाढतो. फक्त कुंडीत लाव म्हणावं, मोकळ्या जमिनीत तो अंगणभर पसरतो.